तिसरा ऑप्शन

१

डिझाइनरबाईंच्या घरात कायदा एकच होता आणि तो मोडायची कोणाची टाप नव्हती. कामाच्या खोलीचं दार लागलं, की आई घरात नाही. घराला आग लागली तर आधी शेजाऱ्यांना सांगायचं, मग जमलं तर आईला, असं बाई हसत हसत म्हणायच्या, पण ते हसू ओठांपुरतंच असायचं. नवऱ्याने हा कायदा संसाराच्या आणखी एका कलमासारखा निमूटपणे मान्य केला होता. त्यांची मुलगी ठमी (हे घरातलं नाव, शाळेतलं लांबलचक नाव फक्त हजेरीपुरतं होतं) चालायला शिकली तीच त्या दारासमोरून टाचा उचलून जायला.

खरं तर बाईंनी जाहिरात कंपनीतली चांगली नोकरी सोडली होती ती ठमीसाठीच. ठमी तेव्हा रांगत होती. घरून काम करायचं, आपल्या वेळेला करायचं, पोर डोळ्यांसमोर वाढवायचं, असा बेत होता. अर्धा बेत फळाला आला. काम इतकं आलं, की बाई चोवीस तास घरात असूनही पोर दाराच्या पलीकडे वाढली. "एवढी गडबड संपू दे," असं बाई दर गडबडीत म्हणत. त्यात खोट नव्हती. त्यांना खरोखरच ते दार उघडून बाहेर यायचं होतं, ठमीजवळ निवांत बसायचं होतं. सगळा खटाटोप त्यासाठीच तर चालला होता.

बाईंचं नाव झालं ते कलेमुळे, आणि थोडंसं लबाडीमुळे. गिऱ्हाइकाला एकच डिझाइन दाखवलं तर त्याला शंका येते. दोन दाखवली तर तो बायकोला विचारतो. तीन दाखवली, की त्याला वाटतं आपणच निवडलं. म्हणून बाई कायम तीन ऑप्शन द्यायच्या. एक बरा, एक उत्तम आणि तिसरा मुद्दाम बिघडवलेला. अक्षरं थोडी फुगवायची, रंग जरा भडक टाकायचे, मध्येच एखादं फूल चिकटवून द्यायचं. त्याच्याकडे बघून माणूस दचकतो आणि आपण होऊन उत्तम डिझाइनावर जाऊन बसतो. या तिसऱ्याला बाई 'बुजगावणं' म्हणायच्या. या धंद्यात असं बहुतेक सगळेच करतात, फक्त बाई ते जरा मन लावून करायच्या.

त्या दिवशी एका साबणवाल्या साहेबांना वेष्टनाचे ऑप्शन पाठवायचे होते. दोन तयार होते. बुजगावणं करायला घ्यायचं, तेवढ्यात शाळेतून फोन आला, ठमीला उलट्या होताहेत, घेऊन जा. बाईंनी दोन फाइली जोडल्या, सवयीने 'सोबत तीन ऑप्शन पाठवत आहे' असं लिहिलं आणि पायात मिळेल ती चप्पल घालून धावल्या. चूक लक्षात आली ती डॉक्टरांकडे बाकावर बसल्यावर. म्हटलं, घरी जाऊन माफी मागू.

घरी पोचायच्या आधीच साहेबांचा फोन आला.

"मॅडम, काय केलंय हो तुम्ही! तिसरा! डोळे मिटून तिसरा! आमच्या हिला तर रडूच आलं बघून. साबणाचं वेष्टन बघून कोणी रडतं का सांगा!"

२

बाईंनी कॉम्प्युटर उघडला. पाठवलेल्या निरोपाला तीन फाइली जोडलेल्या होत्या.

तिसरी त्यांनी उघडली. पांढरा कागद. एका कोपऱ्यात, ओला साबण ठेवून उचलल्यावर उरते तशी फिकट कड. आणि त्या कडेत बारीक अक्षरात नाव. बस्स, एवढंच. बाई कितीतरी वेळ बघत राहिल्या. हे साधणं किती कठीण आहे हे त्यांच्याइतकं कोणाला कळणार? ती कड जरा गडद झाली असती तर डाग दिसला असता, जरा फिकट झाली असती तर दिसलीच नसती.

काम मात्र त्यांचंच होतं. बाईंना एक खोड होती. डिझाइन एकावर एक थर रचून बनतं, त्यातल्या प्रत्येक थराला, म्हणजे लेयरला, त्या वाह्यात नावं द्यायच्या. जाडजूड अक्षरांचा लेयर 'ढोली', बारीक रेषांचा 'काटकी' आणि सगळ्यांवर चढून बसणारा 'सासूबाई'. या फाइलीतही ढोली होती, काटकी होती, सासूबाई होत्या. आणखी एक लेयर होता, बंद करून ठेवलेला. त्याचं नाव होतं 'बाहेरची'. बाईंनी तो चालू केला. काहीच दिसलं नाही. लेयर रिकामा होता.

बाई काही भाबड्या नव्हत्या. आधी त्यांनी विचार केला, की हे आपणच कधीतरी दमून भागून केलं असणार आणि विसरलो असणार. पण फाइल तयार झाल्याची वेळ दुपारची होती, निरोप गेल्यानंतरची. त्या वेळी बाई डॉक्टरांकडच्या बाकावर होत्या आणि ठमीचं तापलेलं डोकं त्यांच्या मांडीवर होतं. मग वाटलं, कोणीतरी बाहेरून आपल्या कॉम्प्युटरमध्ये शिरलं. त्यांनी सगळे पासवर्ड बदलले. पण चोर घरात शिरून चांदीची भांडी ठेवून जातो, असं कधी कोणी ऐकलंय? नवऱ्याचा संशय घ्यावा तर त्या माणसाला पट्टी धरूनही सरळ रेघ मारता येत नाही.

साहेबांना उलट फोन करून खरं सांगायला हवं होतं. बाईंनी फोन लावलाही.

"आवडला ना?" त्या म्हणाल्या. "मलाही मनातून तिसराच आवडला होता."

बोलून झाल्यावर त्या पाणी प्यायल्या आणि ठमीचा ताप बघायला गेल्या.

३

पुढच्या कामाला बाईंनी मुद्दाम दोनच ऑप्शन केले. अर्थात परीक्षा म्हणून. निरोपात 'तीन' लिहिलं, पाठवलं, उठल्या, दार ओढून घेतलं आणि स्वयंपाकघरात चहा टाकला. परत येऊन बघतात तर जोडलेल्या फाइली तीन. गिऱ्हाइकाने तिसरा उचलला. त्याच्या पुढच्यानेही तिसराच उचलला.

असं काही घडलं, की माणसाने घाबरावं अशी रीत आहे. बाई घाबरल्याही. पण भीतीचं एक वाईट असतं. तिच्यातून फायदा व्हायला लागला, की ती माणसाळते. कामं चहूकडून येऊ लागली. ज्यांच्या दारात पूर्वी बाईंना ताटकळावं लागे, ते आता त्यांच्या तारखेसाठी ताटकळू लागले. एका मोठ्या समारंभात बक्षीस मिळालं. "आमची कलाकार आता जमिनीवर चालत नाही," असं नवरा सगळ्यांना कौतुकाने सांगत सुटला. बाईंनी आधी बुजगावणं करायचं सोडलं होतं. मग बरा ऑप्शन सोडला, आणि एक दिवस उत्तमही सोडला. गिऱ्हाइकाचं म्हणणं ऐकायचं, ते टिपून टेबलावर ठेवायचं, बाहेर यायचं आणि दार लावायचं. बाकी होत होतं.

ते होताना मात्र कधी दिसलं नाही. दार किलकिलं ठेवलं तर काहीच व्हायचं नाही. खोलीत बसून राहिलं तर पडद्यावर नुसता बाण लुकलुकत राहायचा. दार पुरतं लागायला हवं होतं, आणि बाई दाराच्या बाहेर हव्या होत्या.

आणि मग आवाज यायचे. बाईंची खुर्ची जुनी होती. मागे रेललं, की बारीक कण्हायची. बाई भांडी विसळत असताना ते कण्हणं ऐकू यायचं. थोड्या वेळाने टेबलाचा खण सरकायचा. मग कोणीतरी अडलेला विचार सुटावा तसा नाकातून हुंकार द्यायचं. बाईंना तो हुंकार ओळखीचा वाटला, आणि आपण स्वतः काम करताना असाच हुंकार देतो हे नवऱ्याने एकदा चिडवून सांगितलेलं आठवलं. त्या हात पुसून धावल्या आणि त्यांनी दार उघडलं. खोली रिकामी होती. फक्त खुर्ची वर केलेली होती. बाई कायम वाकून बसायच्या, त्यांची पाठ दुखायची. ही जी कोणी होती ती ताठ बसत होती. खिडकीतल्या कुंडीत एक झाड होतं, बाईंच्या हलगर्जीपणामुळे कधीचं वाळलेलं. त्याची माती ओली होती आणि बुंध्याशी एक कोवळं पान फुटलं होतं.

बाई त्या पानाकडे बघत उभ्या राहिल्या आणि त्यांना मनापासून शरम वाटली. भीती त्यानंतर वाटली.

४

एक गोष्ट मात्र कबूल करायला हवी. बाईंना वेळ मिळाला. इतकी वर्षं जो हवा होता तोच. शाळा सुटायच्या सुमाराला त्या बाहेरच्या खोलीत सोफ्यावर येऊन बसू लागल्या. ठमी आली, की काय काय करायचं याचे मनात मांडे खात बसायच्या. चित्रं काढू, पत्ते खेळू, नाहीतर नुसतं लोळत पडू.

पहिल्या दिवशी ठमी दप्तर फेकून नेहमीसारखी टाचा उचलून चालू लागली. बाई म्हणाल्या, "अगं, मोठ्याने चाल की! आज मी मोकळी आहे."

ठमीने ओठांवर बोट ठेवलं. "शूऽऽ! आई काम करतेय."

"कोण काम करतंय? मी ही काय इथे बसलेय."

ठमीने बंद दाराकडे पाहिलं, मग बाईंकडे पाहिलं. तिच्या कपाळाला बारीकशी आठी पडली. मग ती हसली. "हो की गं!" म्हणून येऊन कुशीत शिरली. बाईही हसल्या. पण नंतर पत्ते वाटताना ठमी एकसारखी दाराकडे बघत होती, आणि दाराआड खुर्ची कण्हली तेव्हा ती खुदकन हसली.

"काय झालं?"

"काही नाही," ठमी म्हणाली. "आईला सुचलं."

बाईंच्या हातातले पत्ते तसेच राहिले. त्यांनी स्वतःची समजूत घातली, की पोराटोरांचं बोलणं मनावर घ्यायचं नसतं. ठमीने जन्मापासून आई म्हणजे बंद दार असंच पाहिलंय, सवय मोडायला वेळ लागेल. समजूत पटण्यासारखी होती. आपल्या समजुती नेहमीच पटण्यासारख्या असतात.

त्याच आठवड्यात बाई छापखान्यात गेल्या. छापखानेवाले काका बाईंना त्यांच्या पहिल्या नोकरीपासून ओळखत होते. शाईने काळी झालेली बोटं, कानावर पेन्सिल, आणि बाईंना बघितलं की "या, आल्या आमच्या चुका काढायला!" हे ठरलेलं. त्या दिवशी यंत्रांच्या धडधडीत बाई त्यांच्यासमोर जाऊन उभ्या राहिल्या, तर काका चष्म्यावरून बघतच राहिले.

"बोला, काय काम होतं?"

"काका, काम काय विचारता? डब्याचं प्रूफ बघायला आले. रंग जुळवायचाय ना?"

"प्रूफ? ते मॅडमनी सकाळीच पास केलं. स्वतः आल्या होत्या. बऱ्याच दिवसांनी एवढा वेळ बसल्या, चहा घेतला, आमच्या यंत्रवाल्याची चौकशी केली." काका जरा पुढे वाकले. "तुम्ही मॅडमच्या बहीण का? तोंडवळा आहे थोडा."

बाईंनी हसून "चेष्टा करताय होय!" म्हणायचं ठरवलं होतं. पण काका चेष्टा करत नव्हते. ते अनोळखी बाईशी बोलताना बोलतात तसे अदबीने, जरा अंतर राखून बोलत होते. त्यांनी खुर्चीसुद्धा पुसून दिली. इतक्या वर्षांत त्यांनी बाईंसाठी खुर्ची कधी पुसली नव्हती.

"हो," बाई म्हणाल्या. का म्हणाल्या कोण जाणे.

५

आता हे थांबवायचं, असं त्यांनी ठरवलं. घरी येऊन कॉम्प्युटरची वायर भिंतीतून उपटली. वायर पर्समध्ये घातली, दार लावलं आणि पर्स मांडीवर घेऊन सोफ्यावर बसल्या. दाराआडून टकटक टकटक आवाज येऊ लागला, कोणाचीही वाट न बघणाऱ्या बोटांचा.

रविवारी चहा घेताना त्यांनी नवऱ्याला सगळं सांगितलं. एका दमात, काही न लपवता. तो भला माणूस होता. कप खाली ठेवून त्याने त्यांचा हात हातात घेतला.

"तू दमलीयेस," तो म्हणाला. "इतकं काम कोण करतं? चार दिवस कुठेतरी जाऊन येऊ."

"मी काम करतच नाहीये! तेच सांगतेय मी तुला. मी कितीतरी दिवसांत काहीच केलेलं नाही. आत ती आहे."

"बरं, बरं. पण जरा हळू बोल." नवऱ्याने मान वळवून दाराकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. "तिला आत ऐकू येतं. उगाच तंद्री मोडेल."

आपण काय बोललो याचा त्याला पत्ताच नव्हता. त्याच्या डोळ्यांत काळजी होती, ती अगदी खरी होती. फक्त ती नेमकी कोणासाठी होती ते बाईंना सांगता आलं नसतं. तो अजूनही त्यांचा हात थोपटत होता. थोपटता थोपटता त्याने तो हळूच सोडला आणि पेपर उघडला.

एकच उपाय उरला होता. आपली जागा आपण परत घ्यायची. बाई खोलीत गेल्या, खुर्ची खाली केली, वायर जोडली, आणि कितीतरी दिवसांनी स्वतःच्या हाताने काम करायला बसल्या. साबणवाल्या साहेबांचंच नवीन वेष्टन होतं. बाईंनी जीव ओतला. लबाडी नाही, बुजगावणं नाही, एकच डिझाइन, आपल्याला येतं ते सगळं त्यात. संध्याकाळ होईतो पाठ मोडून आली, पण मन निवळलं. बाईंना वाटलं, हीच मी. हात अजून चालतोय. त्यांनी ते पाठवून दिलं.

साहेबांचा फोन लगेच आला. ते अवघडले होते.

"मॅडम, रागावू नका हं. पण हे तुमचं नाही वाटत. कोणा शिकाऊ माणसाला दिलंत का करायला? म्हणजे वाईट नाही, पण... अक्षरं जरा फुगल्यासारखी वाटतात. रंगही भडक आहे. आणि ते मध्येच फूल कशाला?"

बाईंनी पडद्याकडे पाहिलं. फूल होतं. अक्षरं फुगलेली होती. हे आपणच केलं होतं, आपल्या हातांनी, मन लावून.

"थांबा थांबा," साहेब पलीकडून एकदम आनंदून म्हणाले. "आलं, आलं! दुसरं आत्ता आलं बघा तुमचं. वा! हे काय मॅडम, चेष्टा करता होय गरिबाची? आधी ते दाखवून घाबरवलंत!"

बाईंनी फोन खाली ठेवला. आता तिला त्या दाराबाहेर असण्याचीही गरज उरली नव्हती. आपण कोण झालो आहोत ते त्यांना त्या क्षणी स्वच्छ कळलं. आपण शेजारी असलो, की ती जास्त चांगली दिसते. आपलं काम आता तेवढंच. कोणीतरी आपल्याकडे बघून दचकायचं आणि तिच्याकडे वळायचं. त्यांना मोठ्याने रडावंसं वाटलं, पण खोली कामाची होती, आणि खोलीत आवाज करायचा नाही हे त्यांच्या हाडीमाशी भिनलेलं होतं. त्या उठून बाहेर आल्या. दार त्यांनी लावलं नाही. ते त्यांच्या पाठीमागे आपसूक लागलं आणि आतून कडी सरकली.

६

धंदा जोरात चालला होता, असं नवऱ्याच्या बोलण्यावरून बाईंना कळायचं. तो ते दुसऱ्या कोणाला तरी फोनवर सांगत असायचा. बाई सोफ्याच्या कडेवर बसून असायच्या. आपण कधी जेवलो, कधी झोपलो हे त्यांना नीटसं आठवायचं नाही. कोणी हाकलत नव्हतं, कोणी टाकून बोलत नव्हतं. घरातली माणसं त्यांच्या बाजूने वाट काढून जात, टेबलाला वळसा घालावा तशी.

पण ठमीची आशा होती. ठमी अजून अधूनमधून त्यांच्याजवळ येऊन बसायची, काहीतरी आठवल्यासारखं करायची, त्यांची बोटं मोजायची. एखादा दिवस "आई" म्हणायची आणि मग दाराकडे बघून गप्प व्हायची. जगाने काका, साहेब, नवरा, सगळं नेलं तरी बाईंचं काही म्हणणं नव्हतं. हे पोर राहिलं तर पुरे होतं. दार बंद तर बंद. पोर तर बाहेर आहे, माझ्या बाजूला. एवढ्या एका विचारावर त्या तग धरून होत्या.

त्या दुपारी जिन्यात पावलं धडधडली. नेहमीची सांभाळून टाकलेली पावलं नव्हेत. घराचं दार ढकलून ठमी आत आली तीच मोठ्याने रडत. गुडघा फुटला होता, रक्ताचा ओघळ मोज्यापर्यंत आला होता, तळहात मातीने भरले होते. बाई ताडकन उठल्या. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच अंगात बळ आलं. हात पसरून त्या पुढे झाल्या.

"ठमे! काय झालं गं माझ्या राजा? ये, इकडे ये..."

ठमी त्यांच्या हातांखालून निसटली. ती सरळ बंद दारापाशी गेली आणि दोन्ही मातीच्या मुठींनी दार बडवू लागली.

"आई! आई गं!"

बाई जागच्या जागी थिजल्या. आपण आत असताना कोणी असं दार वाजवलं असतं तर काय झालं असतं हे त्यांना पक्कं माहीत होतं. त्यांनी उघडलं नसतं. 'एवढं संपवून येते हं,' असं म्हटलं असतं आणि मग विसरून गेल्या असत्या. कितीदा तरी म्हटलं होतं. तिनेही तसंच म्हणावं, अशी त्यांनी मनातल्या मनात करुणा भाकली. म्हण, नंतर ये म्हण. म्हणजे मग पोर वळेल, आणि मी इथेच आहे.

खुर्ची कण्हली. पहिल्याच हाकेला.

कडी निघाली आणि दार उघडलं. आत कुंडीतलं झाड खिडकीभर फोफावलं होतं, त्यामुळे उजेड हिरवट होता. त्या उजेडात बाईंना फक्त एक हात दिसला. कोपरापर्यंत दुमडलेली बाही बाईंच्याच निळ्या सदऱ्याची होती. नखं मात्र बाईंसारखी कुरतडलेली नव्हती. हात ठमीच्या केसांवर आला आणि तिथे थांबला. बाईंचा हात पोरीच्या डोक्यावर कधीच थांबत नसे, नुसता फिरून निघून जाई.

"बघू, बघू. केवढं लागलंय!" आवाज बाईंचाच होता. फक्त त्यात घाई नव्हती.

ठमी आत गेली. दार लागलं. बाईंनी दारापाशी जाऊन मूठ उचलली, ती तशीच हवेत धरली, मग खाली घेतली. आतून रडणं, मग मुसमुसणं, मग कसलंतरी हसू ऐकू आलं. दोघींचं.

बऱ्याच वेळाने ठमी बाहेर आली. गुडघ्यावर स्वच्छ पट्टी बांधलेली होती, आणि पट्टीवर पेनाने काढलेलं एक छोटं, डोळे मिचकावणारं तोंड. दोनच रेघांत, अगदी सुरेख. ठमी पट्टीकडे बघत बघत चालत होती. सोफ्याशी आल्यावर तिने मान वर केली आणि ती एकदम थबकली.

"अय्या! तुम्ही कधी आलात?"

बाईंनी ठमीच्या डोळ्यांत पाहिलं. त्यांच्या कुठल्या तरी कोपऱ्यात ओळखीचं काहीतरी उरलं असेल म्हणून पाहिलं. डोळे स्वच्छ होते. पाहुण्यांकडे बघताना असतात तसे, जरा लाजरे.

"ठमे," त्या कशाबशा म्हणाल्या, "अगं, मी..."

"आईकडे काम आहे का?" ठमीने शिकवल्याप्रमाणे नीट विचारलं. "ती आत्ता कामात आहे. पण आज लवकर बाहेर येणारे, मला म्हणाली. आम्ही पत्ते खेळणारोत. तुम्ही बसा ना."

बाई बसल्या.

"पाणी देऊ?"

त्यांनी मानेनेच हो म्हटलं. ठमी स्वयंपाकघरात गेली. स्टूल ओढल्याचा आवाज आला, कपाटाचं वरचं दार उघडल्याचा आवाज आला. मग ती दोन्ही हातांनी धरून, सांडू नये म्हणून जीभ दातांत धरून, हळूहळू चालत आली. पाहुण्यांसाठी वेगळे ठेवलेले काचेचे ग्लास होते, त्यांतला एक तिने काढला होता.